तीन कॅमेरे, एक ड्रोन, एक डिस्क

लग्नसराईत अर्धापूरहून येणाऱ्या फोनची सुरुवात ठरलेली असते. "सर, लई लटकायलंय हो. डिस्क गेली असं वाटायलंय." फोन करणारा पोरगा लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. आता सगळे त्याला एडिटिंग म्हणतात, पण दुकानाच्या पाटीवर अजून मिक्सिंगच आहे. तीन कॅमेरे आणि एक ड्रोन, सगळं फोर-के, आणि हे सगळं चार टीबीच्या एका खिशात मावणाऱ्या हार्डडिस्कवर. चारही चित्रं एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावून कुठल्या क्षणी कोणता कॅमेरा घ्यायचा, हे तो ठरवतो. अक्षता पडतात तिथं चित्र थांबतं, आवाज पुढे जातो, आणि नवरीच्या हातातला हार दहा सेकंद हवेतच राहतो.

त्याचा हिशोब मात्र चोख होता. "एक कॅमेरा सेकंदाला शंभर मेगाबिट. आठानं भागलं की साडेबारा एमबी. चार गुणिले साडेबारा, पन्नास. आणि डिस्क तर एकशेतीसनं कॉपी करायलीय. मग पन्नास का झेपंना?"

मोठ्या फायली एकेकट्या वाचताना पळणारी डिस्क त्याच फायली एकदम मागितल्या की का बसते, हा प्रश्न हार्डडिस्कइतकाच जुना आहे. उत्तरं पुष्कळ आहेत, आणि त्यांतली निम्मी डिस्कच्या बाहेर सापडतात. पण आधी त्याच्या हिशोबात काय राहिलं ते पाहू. तो वेग मोजत होता, प्रवास मोजत नव्हता.

हार्डडिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक हात आतबाहेर सरकतो. पोर्टेबल डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच. त्याआधी हात योग्य वर्तुळावर न्यायचा, त्याला अशा डिस्कमध्ये सरासरी बाराएक मिलिसेकंद. दोन्ही मिळून अठरा धरू. सेकंदाचे अठरा हजारावे भाग ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण या अठरात डिस्क एक अक्षरही वाचत नाही.

अर्धापूरच्या माणसाला हे समजावायला केळीची बाग पुरते. इसापूर धरणाच्या कालव्यावरचा हा केळीचा पट्टा. इथं टेम्पो भरणं म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. चार बागांतून माल आणायचा आहे आणि टेम्पो एकच आहे. एका बागेत उभं राहून टेम्पो भरला, तर तासात काम उरकतं. पण चारही व्यापारी बांधावर उभे राहून "आधी माझं, आधी माझं" करू लागले आणि ड्रायव्हरनं प्रत्येकाचं मन राखायला इथून एक घड, तिथून एक घड असं केलं, तर दिवसभर टेम्पो पळतो आणि संध्याकाळी हौदा अर्धाच भरलेला असतो. डिझेल संपलं, इंजिन तापलं, ड्रायव्हर दमला. टेम्पो मात्र नादुरुस्त नाही.

आता आकडे. चार फायलींमध्ये आळीपाळीनं जाताना डिस्क दर खेपेला १२८ केबी उचलते असं धरा. लिनक्समध्ये पुढचं आधीच वाचून ठेवायची मूळ मर्यादा इतकीच असते. एवढं वाचायला एक मिलिसेकंद, पोचायला अठरा. वेग निघतो सेकंदाला साडेसहा एमबी. एकशेतीसच्या डिस्कचा! खेपेला एक एमबी उचललं, तर वाचायला पावणेआठ, पोचायला तेच अठरा, वेग ३९. आणि आठ एमबी उचलले, तर वेग शंभरावर जातो. पोराला हवे होते पन्नास. म्हणजे खेपेला साधारण दीड एमबीच्या खाली तो अडकणार, वर सुटणार. डिस्क तीच, फायली त्याच, फरक फक्त एका खेपेत किती घड घ्यायचे याचा. (फायली डिस्कवर जवळजवळ असतील तर हात कमी हलतो आणि आकडे थोडे सुधारतात. पण लग्नाच्या घाईत कोण जवळजवळ ठेवतो?)

हे दुखणं जन्मापासूनचं आहे. आयबीएमनं १९५६ साली रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्डडिस्क आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, मिनिटाला १२०० फेरे, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. सगळ्या चकत्यांमध्ये एकच हात वरखाली फिरायचा. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला सरासरी सहाशे मिलिसेकंद लागायचे. तेव्हापासून साठवण वाढली दहा लाख पटींच्या आसपास, आणि हाताचा प्रवास सुधारला फार तर पन्नास पट. खिशातल्या डिस्कवर आपण चार टीबी लादतो, पण त्या चार टीबीतून फिरायला हात एकच. चकत्या दोन असोत की चार, त्यांच्यावरची सगळी डोकी एकाच दांड्याला बांधलेली असतात आणि एकत्रच हलतात.

यावर संगणकवाल्यांनी डोकं चालवलं नाही असं नाही. सर्वांत जुनी युक्ती एसटीची. कंडक्टर लोकांना चढले त्या क्रमानं उतरवत नाही. रस्त्यात ज्याचा फाटा आधी येईल, तो आधी उतरतो. डिस्ककडे आलेल्या मागण्याही तशाच वाटेच्या क्रमानं लावतात. साटा जोडणीच्या डिस्क तर ३२ मागण्यांची यादी पोटात ठेवून हे काम स्वतःच करतात. पण लांबलचक फायली वाचणाऱ्याला याचा फायदा थोडा, कारण तो एक तुकडा घेतो, गिळतो आणि मग पुढचा मागतो. त्या मधल्या क्षणात त्याची मागणी रांगेत नसते. डिस्कला वाटतं याचं काम झालं, आणि ती पळते दुसऱ्याच्या बागेत.

हे नेमकं पकडलं राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल या दोघांनी, २००१ साली. त्यांचा उपाय ऐकायला उलटा आहे: तुकडा दिल्यावर डिस्कनं काही मिलिसेकंद काहीच न करता थांबावं. तोच गिऱ्हाईक लगतचा तुकडा मागायची शक्यता दांडगी असते, आणि थांबण्याचा खर्च जाऊन परत येण्यापेक्षा कमी पडतो. लिनक्सनं ही कल्पना काही वर्षं जशीच्या तशी वापरली. पुढे ती पद्धत काढून टाकली, तिच्या जागी आलेली २०१९ मध्ये गेली, आणि आता फिरत्या डिस्कसाठी बीएफक्यू नावाची पद्धत निवडता येते. तीही हेच थांबणं जपते. मला हा सगळा इतिहास फार आवडतो, कारण आपल्याकडे रिकामा उभा असलेला टेम्पो दिसला की मालकाचं रक्त आधी खवळतं.

आता दुकानात. तक्रार आली की डिस्क गेली असं समजायचं नाही; टास्क मॅनेजर उघडायचा आणि चित्र अडकत असतानाच डिस्कचे दोन आकडे शेजारी शेजारी बघायचे: ती किती टक्के गुंतलेली आहे आणि सेकंदाला किती एमबी देते आहे. शंभर टक्के गुंतलेली आणि वेग पंधरा-वीस, म्हणजे हात पळतोय. वर सांगितलेली केळीची गोष्ट. शंभर टक्के आणि वेगही एकशेतीस, म्हणजे डिस्क जीव तोडून काम करते आहे आणि तुमची मागणीच जास्त आहे. गुंतवण तीस टक्के आणि चित्र तरी अडकतंय, तर डिस्कला सोडा, दुखणं दुसरीकडे आहे. तिथंच खाली प्रतिसादाचा सरासरी वेळ असतो. तो पाचशे-हजार मिलिसेकंदांवर गेला, तर काळजीचं आहे, त्याकडे येतोच.

अर्धापूरच्या पोरानं मला पडद्याचा फोटो पाठवला. डिस्क शंभर टक्के, वेग ३३. मी म्हटलं, एकच फाइल कॉपी करून बघ. तिलाही ३५ च्या वर मिळेना. म्हणजे तो सांगत होता तो १३० चा आकडा जुना होता. एकाच फाइलला ३५ वर कुलूप लागलं असेल, तर ते कुलूप हाताचं नव्हे, वायरीचं. यूएसबी टू कागदावर ४८० मेगाबिटची, पदरात पडतात तीस ते चाळीस एमबी. मी त्याला वायरीचा फोटो मागितला आणि कपाळाला हात लावला. या पोर्टेबल डिस्कचं भोक रुंद असतं, दोन कप्प्यांचं. त्याच्या मोठ्या कप्प्यात जुन्या मोबाइल चार्जरची बारकी पिन अगदी बरोबर बसते. डिस्क चालूही होते, दिवाही लागतो. फक्त ती दहा-पंधरा वर्षं मागे जाते. मूळ वायर कुणीतरी नेली होती आणि याच्या हाताला चार्जरची लागली होती.

रुंद पिनची वायर लावली, मागच्या निळ्या खाचेत जोडली. एकट्या फाइलला पुन्हा १३० आले. चार कॅमेरे एकत्र लावले, तर अजून अडकत होतंच, पण आता वेग चाळिशीच्या आसपास घुटमळत होता आणि डिस्क शंभर टक्के. वायरीचं कुलूप निघालं, तेव्हा कुठं मागचं खरं कुलूप दिसलं. एका तक्रारीला दोन कारणं असली की माणूस पहिलं सापडल्यावर थांबतो आणि मग "वायर बदलून पण काही फरक नाही" म्हणत नवी डिस्क घेऊन येतो.

दुसरीकडे असलेल्या दुखण्यांत पहिला मान प्रोसेसरचा. नव्या कॅमेऱ्यांचं एचईव्हीसीतलं दहा बिटांचं चित्र फाइलनं लहान, पण उलगडायला फार जड असतं. डिस्क निवांत, प्रोसेसर शंभर टक्के, आणि मालक एसएसडी घ्यायला नांदेडच्या गाडीत बसलेला. अशा वेळी एसएसडीनं काही फरक पडत नाही. प्रॉक्सीनं पडतो. रात्री झोपताना सगळ्या फायलींच्या हलक्या, कमी रिझोल्यूशनच्या प्रती बनवायला लावायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची, शेवटचा रेंडर मूळ फायलींवर. प्रॉक्सी उलगडायलाही सोप्या आणि वाचायलाही हलक्या, म्हणजे दोन्ही दुखण्यांवर एकच गोळी. आमच्या पोराला ती माहीत होती. वीज रात्री जाते म्हणून करत नव्हता. इन्व्हर्टरवर दुकानाचे पंखे चालतात, संगणक नाही.

मग रॅम. आठ जीबीत एडिटिंग चालू असताना जागा संपली की विंडोज डिस्कवर पान टाकत बसतं. डिस्क एकच असेल, तर चार बागांत पाचवी बाग आली. रॅमची दुसरी गंमत उलट बाजूची आहे: एकदा वाचलेली फाइल तिथं राहते, म्हणून दुसऱ्यांदा तीच क्लिप लोण्यासारखी चालते. कितीतरी दुरुस्त्या अशा "यशस्वी" होतात. काहीतरी खटपट केली, क्लिप पुन्हा लावली, चालली! संगणक बंद करून चालू केला की दुखणं जागच्या जागी. कुठलीही चाचणी रीस्टार्टनंतर किंवा न वाचलेल्या फाइलवर करावी. अँटिव्हायरस, सर्चची अनुक्रमणिका बनवणं, क्लाउडला आपोआप वर जाणं, हेही चोर आहेत, पण पाच मिनिटांत पकडता येणारे.

जास्त न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे फायली डिस्कवर उतरतात कशा. लग्नाहून रात्री अकराला आल्यावर तीन कार्ड रीडर तीन खाचांत, तिन्ही कॉपी एकदम, आणि माणूस जेवायला. तिन्ही फायली एकाच वेळी लिहिल्या जाताना त्यांचे तुकडे डिस्कवर एकाआड एक बसू शकतात, आणि डिस्क भरत आलेली असेल तर हमखास. आता पुढे एकटी फाइल वाचली तरी हाताला उड्या. एकामागून एक कॉपी केली, तर एकूण वेळही कमी लागतो आणि फाइल सलग बसते. आधीच विस्कटलेल्या फिरत्या डिस्कला डीफ्रॅगनं थोडा आराम पडतो. एसएसडीला मात्र डीफ्रॅग करू नये. तिथं विस्कटल्याचा त्रास नाही आणि लिहिण्यानं ती फक्त झिजते.

स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये आणखी एक भानगड असते. जास्त माहिती बसवायला चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. खालचं कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. म्हणून अशी डिस्क लिहिताना सुरुवातीला पळते, मग एकाएकी रांगते, आणि कॉपी संपल्यावरही आतल्या आत कौलं शाकारत बसते. त्या वेळी तुम्ही वाचायला गेलात, तर तुमची पाळी नंतर. वाचायला एरवी ती वाईट नाही. कॉपी झाल्यावर तासभर चालू ठेवून द्यावी, आणि अशा डिस्क गोदाम म्हणून वापराव्यात.

खरोखर डिस्क गेलेली असते तेव्हा लक्षणं वेगळी असतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट साधनात पाच क्रमांकाची ओळ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे, ताटकळलेले सेक्टर. हे आकडे वाढत असतील, तर डिस्क एकेका जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत सेकंद न् सेकंद घालवते. प्रतिसादाचा वेळ हजारावर जातो तो याचमुळे. १९९ ची ओळ वाढली, तर ती बहुधा वायर आहे. १९७ वाढताना दिसला की चाचण्या बंद, आधी माल बाहेर काढा. आमच्याकडे सगळ्या रोगांवर "फॉरमॅट मार" हे एकच औषध आहे आणि ते सांगणारा बहुधा फुकट सांगतो. लग्न पुन्हा लागत नसतं, एवढं त्याला कुणी सांगावं.

हादऱ्यांचाही परिणाम होतो. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्यानं २००८ साली डेटा सेंटरमधल्या डिस्कसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं. ओरडल्याबरोबर डिस्कच्या विलंबाचा आलेख उसळला. चकतीवरची वाट इतकी अरुंद असते की हात थरथरला तरी चुकतो आणि पुढच्या फेऱ्याची वाट बघावी लागते. अर्धापूरच्या रस्त्यावरून वरातीचा डीजे जातो तेव्हा दुकानाच्या काचा हलतात. त्या दहा मिनिटांत रेंडर लावू नये, हा सल्ला मी हसत हसत देतो, पण तो विनोद नाही.

सीसीटीव्हीवाल्यांचं गाऱ्हाणं याच जातीचं. सोळा कॅमेरे, प्रत्येकी चार मेगाबिट, मिळून सेकंदाला फक्त आठ एमबी. रेकॉर्डर ते आधी रॅममध्ये गोळा करून मोठ्या खेपेनं लिहितो, म्हणून लिहिणं निभतं. पण चोरी झाली, पोलीस आले आणि चार कॅमेऱ्यांचं चित्र एकदम मागं-पुढं करून बघायला लागले, की तीच डिस्क लिहिता लिहिता वाचायला पळते आणि अडखळते. सीसीटीव्हीसाठी वेगळ्या डिस्क मिळतात, त्या एखादी जागा वाचता आली नाही तर हट्ट न धरता पुढे जाण्यासाठी बनवलेल्या असतात. तोच गुण एडिटिंगला घातक.

उपायांत पैसे खर्चायचेच असतील, तर चालू कामापुरती एसएसडी. तिच्यात हात नाही, चकती नाही. दुसऱ्या बागेत जायला अठराऐवजी मिलिसेकंदाचा दहावा भागसुद्धा खूप. साटाची एसएसडी ५५० एमबीपर्यंत देते, एनव्हीएमई काही हजारांत. शिवाय आतले चिप एकमेकांशेजारी काम करतात, म्हणून चार फायली एकदम मागितल्या तर ती उलट खुलते. फिरत्या डिस्कला जे पथ्य, ते हिला पौष्टिक. स्वस्तातली एसएसडी दोनशे जीबी कॉपी करताना मध्येच ढेपाळते, कारण लिहिण्याची जलद जागा भरते. वाचण्यात सहसा रडत नाही. हजार रुपयांत सोळा टीबीची एसएसडी देणाऱ्या जाहिरातींना मात्र लांबूनच नमस्कार. तिथं आकडाच खोटा लिहिलेला असतो.

आणि ज्याच्याकडे एसएसडीचे पैसे नाहीत, त्यानं फायली दोन डिस्कवर वाटाव्यात. दोन कॅमेरे हिच्यावर, एक कॅमेरा आणि ड्रोन तिच्यावर. दोन टेम्पो, दोन-दोन बागा. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली स्वस्त डिस्कची फळी उभी करायची जी रेड पद्धत मांडली, तिच्यातला हा सर्वांत गरीब अवतार. खऱ्या रेडमध्ये एक प्रकार असा आहे की प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर पडतात. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की दोन्ही गेल्या. लग्नाच्या धंद्यात तो नको.

पोरानं दोन डिस्क केल्या, पैसे वाचवले, सीझन काढला. कार्डं आता तो एकामागून एक खाली करतो. परवा पुन्हा फोन. "सर, वायर चांगलीय, एकच फाइल हाय, तरी सत्तरवर आलं." मी विचारलं, डिस्क किती भरली? चकतीच्या बाहेरच्या कडेला वर्तुळ मोठं, एका फेऱ्यात जास्त माल; भरत भरत आत गेलं की वर्तुळ लहान, वेग जवळपास निम्मा. तो म्हणाला शहाण्णव टक्के. मग जुनं काढ की. "कसं काढू? दोन हजार बावीसची लग्नं हायत. एकानंबी उरलेले पैसे देऊन पेनड्राइव्ह नेला नाही अजून."